मागल्या दाराची वाट

गोव्यातल्या आमच्या डिचोलीच्या घराला दोन दारं होती. पुढच्या दाराने पाहुणे यायचे, भटजी यायचे, चवथीला गणपती यायचा. बाकीचं सगळं मागल्या दाराने. जळाऊ लाकडं, भाताची पोती, नारळ पाडायला येणारा गडी, आणि मे महिन्याच्या शेवटी पुरुमेंताचं मीठ. पावसाळ्याच्या बेगमीला आमच्याकडे पुरुमेंत म्हणतात आणि त्यात मिठाचा मान पहिला. आजी मीठवाल्या बाईसमोर उकिडवी बसायची, पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळाचे खडे वर काढायची, एक खडा जिभेवर ठेवायची आणि डोळे मिटायची. कडवट लागलं की मान हलायची. नवं मीठ कडवट असतं, पाणी सुटून गेलं की ते निवळतं, हे तिचं शास्त्र. पसंत पडलेलं मीठ मातीच्या माठात जायचं. त्यातलंच पुढे कैऱ्यांना, सोलांना, सुक्या मासळीला. उरलेलं पहिल्या पावसाआधी माडांच्या मुळांशी.

ते मागलं दार मला गेल्या फेब्रुवारीत दोन दिवस सारखं डोळ्यांसमोर होतं.

जुन्या व्यापारी वाटेवरची एक छोटी सहल होती. माणसं दहाच, एक लहान गाडी, आणि वाट दाखवायला इतिहास शिकलेला एक तरुण. खाडीपासून सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंत आणि तिथून परवानगी मिळेल तेवढं वर चालत. दहाच माणसं का, असं मी फोनवर विचारलं तेव्हा तो म्हणाला, "ताई, वाट एका बैलाच्या रुंदीची आहे." तेवढ्यावर मी पैसे भरले.

पहाटे आम्ही गोवा वेल्ह्याजवळच्या मिठागरांत उभे होतो. रस्त्यावरून जाणाऱ्याला इथे काही दिसत नाही, चौकोन चौकोन पाणी आणि मधून चिखलाचे बांध. पण हेच कदंब राजांचं गोपकपट्टण. अकराव्या शतकात पहिल्या जयकेशीच्या काळात राजधानी चांदोरहून इकडे जुवारीच्या काठावर आली. बंदर एवढं मोठं की अरब व्यापारी इथे घरं करून राहिले, आणि त्यांतल्याच एका घराण्यातला माणूस राजाच्या दरबारी मोठ्या हुद्द्यावर चढला. त्या बंदराच्या जागी आता गाळ आहे, माड आहेत, नवी घरं आहेत. मीठ तेवढं अजून पिकतं.

मिठागराची मालकीण पायांनी चिखल तुडवलेल्या वाफ्याच्या कडेला उभी राहून आम्हाला समजावत होती. पावसाळा संपला की खाजनातलं, म्हणजे खाडीकाठच्या सखल जमिनीतलं, पाणी उपसायचं, बांध दुरुस्त करायचे, तळ तुडवून तुडवून तुळतुळीत करायचा, मग मानशीतून, म्हणजे बांधातल्या झडपेतून, भरतीचं पाणी आत घ्यायचं. ते पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, उन्हाने दाट होत होत जातं. शेवटच्या वाफ्यात वर साय धरल्यासारखं मीठ दिसायला लागतं. लांब दांडीच्या लाकडी फळीने ते कडेला ओढायचं. तळ जराही खरवडला जाता कामा नये, नाहीतर चिखल मिठात येतो. एक अवेळी पाऊस आला की आठवड्यांची मेहनत परत पाण्यात. "मुलं म्हणतात, आता पुरे कर," ती म्हणाली आणि फळी पाण्यात टाकून तिने आम्हाला तिचा आवाज ऐकवला. ओल्या मिठावरून लाकूड सरकताना जो आवाज येतो तो मला लिहून दाखवता येणार नाही. माझ्या आजीने पोत्यात हात घातल्यावर असाच यायचा.

तिथेच बांधावर बसून चहा घेताना आमच्या वाटाड्याने सांगायला सुरुवात केली, आणि माझ्या डोक्यातला गोव्याचा नकाशा त्या चहाच्या वेळात उलटा झाला.

गोव्याचा इतिहास आम्ही शाळेत समुद्राकडे तोंड करून शिकलो. गलबतं आली, १५१० साली अल्बुकर्क आला, मिरी गेली, चर्चेस उभी राहिली. डोंगर म्हणजे पावसाळ्यात हिरवी दिसणारी मागची भिंत. पण बंदरात उतरलेला माल बंदरात थोडाच राहतो? त्याला गिऱ्हाईक लागतं, आणि ते गिऱ्हाईक घाटावर होतं. होर्मुझहून आलेले घोडे गोव्यात उतरत आणि घाट चढून विजयनगरला जात. १५४७ साली पोर्तुगीजांनी विजयनगरशी करार केला त्यात घोडे विजयनगरलाच द्यायचे, आदिलशहाला नाही, हे कलम होतं. म्हणजे दोन राज्यांचं बळ आमच्या या घाटवाटांवर तोललं जात होतं. पण घोडा हा राजांचा माल. माणसांचा माल मीठ होता. दख्खनच्या त्या अफाट पठारावर ज्वारी आहे, कापूस आहे, गूळ आहे, मिरची आहे, पण मीठ समुद्राचंच लागतं. ते वर न्यायचं लमाणांनी. शेकडो बैलांचे तांडे पावसाळा सरल्यावर धान्य घेऊन उतरत आणि मीठ, नारळ, सुपारी घेऊन चढत. बैलाच्या पाठीवर दोन बाजूंना दोन गोणी. वाटेत तो चरतो, म्हणून त्याच्या चाऱ्याचं ओझं वाहावं लागत नाही. जिथे गाडीचं चाक चालत नाही तिथे बैलाचा खूर चालतो. लमाण हे नावच लवणावरून पडलं असं काही अभ्यासक मानतात.

आणि ही वाट बुजली ती झाडीने बुजली नाही. २६ डिसेंबर १८७८ रोजी पोर्तुगीज आणि इंग्रज सरकारांत तह झाला. त्याने गोव्यातल्या मिठाचा कारभार इंग्रजांच्या हाती गेला. किती मीठ पिकवायचं, कुठे साठवायचं, कोणत्या भावाने विकायचं, सगळं त्यांच्या हुकमाने. बदल्यात पोर्तुगीज सरकारला वर्षाला ४ लाख रुपये. लहान मिठागरं बंद पडली, घरच्या मिठावर पहारा बसला. १८८८ साली मुरगावहून निघालेली आगगाडी घाट चढून कॅसलरॉकला पोचली. १८९२ च्या जानेवारीत तह संपला तेव्हा मीठ पुन्हा मोकळं झालं, पण तोवर तांड्यांच्या वाटांवर गवत उगवलं होतं. शाळेत मला व्हाइसरॉयांची नावं पाठ होती. या तहाचं नाव मी वयाच्या बावन्नाव्या वर्षी मिठागराच्या बांधावर ऐकलं. मला याचं खरंच वाईट वाटलं. आमच्या घरातल्या त्या माठाशी जोडलेली ही गोष्ट मला कोणीतरी आधी सांगायला हवी होती.

मालकिणीने निघताना प्रत्येकाच्या हाती मिठाची लहान पुडी दिली. आमच्यात बेळगावच्या एक काकी होत्या, पंचाहत्तरीच्या, हातात वेताची काठी. त्या म्हणाल्या, "पुडी नको, मला पाच किलो दे. पैसे घे." एवढं ओझं घेऊन कुठे जाणार, असं कोणी म्हणालं. त्या म्हणाल्या, "वर."

दुपारी खांडेपारच्या गुंफा पाहिल्या. नदीकाठच्या झाडीत जांभ्या दगडात कोरलेल्या चार गुंफा, छतावर कमळ. बाहेर उन्हाचा जाळ आणि आत ओल्या मातीचा गारवा. नदी इथपर्यंत होड्या आणायची, इथून पुढे बैल. त्याहून जास्त मला तिथलं आठवत नाही, कारण माझं लक्ष काकींच्या मिठाच्या पिशवीकडे होतं. ती त्यांनी गाडीत आपल्या पायांशी ठेवली होती आणि प्रत्येक वळणावर तिच्यावर हात ठेवायच्या.

रात्री बोळकर्णेजवळ एका घरी मुक्काम होता. जेवायला उकड्या तांदळाची पेज, तोंडी लावायला मिठातली कैरी, आणि वालीची भाजी. जेवण झाल्यावर अंगणात बसलो तेव्हा काकींनी सांगितलं. त्यांच्या वडिलांचं बेळगावात रविवार पेठेत दुकान होतं. गोव्याचं मीठ, गोव्याची सोलं, गोव्याचा नारळ. १९५५ साली भारताने गोव्याची नाकेबंदी केली, कॅसलरॉकची आगगाडी थांबली. काकी तेव्हा लहान. वडील रोज रात्री दुकान बंद करताना म्हणायचे, वाट बंद झाली. आई लोणचं घालायची ते दुसरीकडच्या मिठात आणि दरवर्षी म्हणायची की बरणीला बुरा येतोय. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मोकळा झाला आणि काही दिवसांनी वडिलांनी घरी एक पोतं आणलं. आईने त्या पोत्याला हळदकुंकू लावलं.

"आम्ही पडलो घाटी," काकी सहज म्हणाल्या. "खालच्या मिठाशिवाय आमचं चालत नाही."

अंगणात जरा शांतता पसरली. आम्ही गोव्याची सात माणसं होतो, आणि त्या शब्दाला आमच्याकडे काय वास आहे हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. काकींना बहुधा नव्हतं, किंवा होतं आणि त्यांनी तो त्याच्या खऱ्या अर्थाने वापरला. घाटी म्हणजे घाटावरचा. एवढंच. आम्ही त्याला घांटी करून शिवी बनवली.

सातवीत माझ्या वर्गात एक मुलगी होती. शेवटच्या बाकावर बसायची. तिला सगळे घांटी म्हणायचे, मीही म्हणायचे. नाव होतं तिला, मला ते आजही आठवतं, इथे लिहीत नाही. तिचे वडील ट्रकवर होते. रात्री बेळगावहून भाजी भरून निघायचे आणि पहाटे म्हापशाच्या बाजारात उतरवायचे. एकदा मधल्या सुट्टीत मी तिच्या डब्यातल्या ज्वारीच्या भाकरीला नाक मुरडलं, तेव्हा ती न चिडता म्हणाली, "तुझ्या डब्यातला कोबी बाबांनी आणलाय." मी हसले. सगळ्यांना ते सांगून हसवलं. पुढच्या वर्षी ती शाळेत नव्हती. तिला शोधून काढावं असं मला कधी वाटलं नाही, इतकी मी निवांत होते. तिचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. आजही पावसाळ्यात बेळगावकडच्या अनमोड घाटात दरड कोसळली की दोन दिवसांत आमच्या बाजारात टोमॅटोचा भाव बदलतो. दूध, भाजी, कोथिंबीर, सगळं मागल्या दाराने येतं आणि त्या दाराने येणाऱ्यांना आपण नाव ठेवतो. किनाऱ्यावर आरशांच्या कशिद्याच्या पिशव्या आणि माळा विकणाऱ्या लमाणी बायकांना हाकलताना आपण ज्या तोंडाने बोलतो, त्या तोंडातली चव त्यांच्याच जमातीच्या बैलांनी कित्येक शतकं घाट चढवली. त्या रात्री मला झोप लागली नाही. अंगणात कोंबडा आरवेपर्यंत मी जागी होते.

सकाळी तांबडी सुर्लाला पोचलो तेव्हा देवळाच्या दारात ऊन शिरत होतं. दार पूर्वेला, म्हणजे डोंगराकडे. मी याआधी चार-पाच वेळा आले होते, शाळेच्या सहलीतून, पाहुण्यांना घेऊन. दरवेळी शिल्पं पाहिली, फोटो काढले. बाराव्या-तेराव्या शतकातलं, कदंबांच्या काळातलं महादेवाचं देऊळ. मंडपात दहा खांब, मधल्या चौघांवर तोललेलं आठ पाकळ्यांचं दगडी कमळ, शिर हरवलेला नंदी, एका खांबाच्या पायाशी घोड्याला तुडवणारा हत्ती. शिखर अपुरं राहिलेलं. चुना नाही, दगडावर दगड. आपल्याकडचा दगड जांभा, तांबडा आणि सच्छिद्र, त्यात इतकं बारीक काम उमटत नाही. हा काळपट दगड घाटावरून उतरवून आणला असं जाणकार सांगतात.

एवढं सगळं मला ठाऊक होतं. मी कधी विचारलंच नव्हतं की इतकं जीव ओतून केलेलं देऊळ इथे, या अरण्यात, वस्तीपासून लांब का आहे. पायऱ्यांवर बसून वाटाड्या म्हणाला, "हे अरण्य आत्ता आहे. तेव्हा हा नाका होता." कदंबांची एक राजधानी खाली गोव्यात आणि दुसरी वर हलशीला, खानापूरच्या बाजूला, जिचं नाव तेव्हा पलशिगे. त्यांचे राजे दोन्हीकडचे. राणी कमलादेवीने कमलनारायणाचं देऊळ उभारलं ते कित्तूरजवळ देगावला. घाट ही त्यांच्या राज्याची हद्द नव्हती, राज्याच्या मधला जिना होता. आणि जिन्याच्या पहिल्या पायरीशी, नदीच्या पाण्याजवळ, चढणीआधीच्या मुक्कामाला, हे देऊळ. बैल पाणी पितात, माणसं उद्याच्या चढणीसाठी हात जोडतात. मी पुन्हा आत जाऊन त्या हत्तीकडे बघितलं. मला तो पहिल्यांदाच नीट दिसला. या वाटेवरून गेलेल्या घोड्यांपैकी एखादा त्याने पायाखाली घेतला असावा, असं मनात आलं.

पुढची चाल वनखात्याच्या परवानगीची. हे भगवान महावीर अभयारण्य, मोलेचं राष्ट्रीय उद्यान धरून २४० चौरस किलोमीटरचं. गावातले एक मामा बरोबर होते, कमरेला कोयता, पायात रबरी चप्पल. ते पुढे, वाटाड्या शेवटी, आम्ही मध्ये एकामागे एक. दोघांना शेजारी चालता येईल अशी जागा बहुतेक ठिकाणी नव्हतीच. म्हणून बोलणं थांबलं, आणि बोलणं थांबल्यावर वाट दिसायला लागली.

ती सरळ चढत नाही. माणसाची पायवाट नाकासमोर डोंगर चढते. ही वळसा घेते, परत येते, उतार इतकाच ठेवते की श्वास लागेल पण गुडघा दुखणार नाही. ओझं भरलेल्या जनावराच्या बेताने काढलेली आखणी. काही ठिकाणी दरीच्या बाजूला दगड रचलेले, त्यांवर शेवाळ. एका वळणावर मामा थांबले आणि कोयत्याच्या टोकाने पानं बाजूला केली. खडकात उथळ खळगा होता, हाताच्या ओंजळीएवढा. खुरांनी झिजला की पाण्याने, हे ते बोलले नाहीत, आम्हीही विचारलं नाही. मामांचे आजोबा या वाटेला नुसतं 'वाट' म्हणायचे. दुसरी नव्हतीच म्हणून. वर माट्टीच्या फांद्यांवर शेकरू पळत होतं, कुठेतरी धनेशाच्या पंखांचा जड आवाज. मी चढत राहिले आणि माझ्या मनात एकच हिशोब: एक बैल, दोन गोणी, मागे दुसरा बैल, त्याच्या मागे तिसरा, असे शंभर, त्यांच्या गळ्यातल्या घंटा, बरोबर पाठीला मूल बांधलेली बाई, चुलीचं भांडं, कुत्रं. त्या बाईने इथे कुठेतरी बसून पायातला काटा काढला असेल. तिचं नाव कुठल्या ताम्रपटात असणार नाही.

दीड तासाने मामा म्हणाले, इथपर्यंतच परवानगी. समोर वाट पुढे गेली होती, पानांखालून, स्पष्ट. आम्ही तिथे खडकांवर बसलो. काकी सगळ्यांच्या शेवटी आल्या, काठी टेकत, कपाळ घामाने भिजलेलं. त्यांनी वाटेकडे बघितलं आणि हात जोडले. मग माझ्याशेजारी बसून पदराने तोंड पुसलं.

मी त्यांना त्या मुलीबद्दल सांगितलं. का सांगितलं माहीत नाही, दुसऱ्या कोणाला आजवर सांगितलं नव्हतं. त्या ऐकत राहिल्या. मी म्हटलं, "काकी, काल रात्री तुम्ही तो शब्द बोललात तेव्हा मला लाज वाटली." त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आता ती पन्नाशीची असेल. बेळगावातच असेल तर माझ्या वाडीतही असेल. नाव सांग मला तिचं."

मी सांगितलं. त्यांनी ते दोनदा पुटपुटून पाठ केलं.

संध्याकाळी मोलेच्या नाक्यावर आम्ही पांगलो. फोंड्याकडे जाणारे एका बाजूला, काकी एकट्या दुसऱ्या बाजूला. भाजी उतरवून रिकामे झालेले ट्रक घाटाकडे परत चालले होते, एकामागे एक, ताडपत्र्या सैल झालेल्या. बेळगावची कदंबा आली, आमची गोव्याची सरकारी बस. तिच्या अंगावर कदंबांचा सिंह. मी काकींची पिशवी उचलली तेव्हा तळ ओला लागला, दोन दिवसांत मिठाला पाणी सुटलं होतं. "गळतंय काकी," मी म्हटलं. "गळू दे," त्या पायरीवर काठी टेकवत म्हणाल्या, "कडवटपणा जातोय त्याचा." कंडक्टरने पिशवी वर ओढून घेतली, विचारलं, "काय आहे यात, आजी?"

"मीठ," त्या म्हणाल्या. बसने दिवे लावले आणि ती घाटाच्या दिशेने वळली.